उजवं पान, डावं पान

६ मे. सकाळपासून आढी उलटतेय. मागच्या खोलीत पेंढ्यावर आंबे लावलेत. एकेक उचलायचा, देठाजवळ दाबून बघायचा, झालेला टोपलीत, कच्चा परत पेंढ्यात, डागी बादलीत. काम बसून करायचं आणि मला एका जागी बसवत नाही, म्हणून मध्येच हात पुसून चार ओळी लिहितेय. निमित्त आमच्या नणंदेच्या मुलीचं. तिचा आत्ता पुण्याहून फोन आला होता. तिच्या मोबाइलवर रोज सकाळी बायबलमधलं एक वचन येतं. आजचं भिऊ नको असं सांगणारं होतं. "मामी, म्हणजे मी नोकरी सोडू ना?" मी विचारलं, त्याच्या मागचं-पुढचं वाचलंस का? म्हणाली, मागचं-पुढचं येत नाही, एवढंच येतं. मी म्हटलं, मग तुझ्या साहेबांशी बोल आणि पगार किती उरतो ते बघ. तिला ते आवडलं नाही. तिला ज्या उत्तराची घाई होती तशीच मला एकदा होती, म्हणून ते लिहून ठेवते.

माझं माहेर रत्नागिरीत, चर्चच्या मागच्या गल्लीत. तीन खोल्या आणि बाजूला पपांची पत्र्याची शेड. पपा सुतार. दिवाळीनंतर आंब्याच्या पेट्यांचं काम सुरू झालं की मेअखेरपर्यंत ठोकणं थांबत नसे. तोंडात चार खिळे धरून बोलायची त्यांना इतकी सवय की खिळे नसतानाही ते ओठ मिटूनच बोलत. भुसा घरभर असायचा, तांदळातसुद्धा. पावसाळ्यात दारं-खिडक्या, पाळणे, आणि आमच्यातलं कुणी गेलं तर शवपेटी. आई सगळ्यांचं ऐकून घेई आणि आपल्याला हवं ते करी. सकाळी घावणे, दुपारी भात आणि बांगड्याचं नाहीतर पेडव्यांचं तिखलं, रात्री कुळथाचं पिठलं. आमच्या गल्लीत ख्रिस्ती घरं पाच, बाकी सगळी हिंदू, पलीकडच्या मोहल्ल्यात मुसलमान. सणासुदीला ताटं इकडून तिकडे जात. धर्मावरून भांडण झाल्याचं मला आठवत नाही. भांडणं व्हायची ती विहिरीवरून.

आणि आत्या. पपांची थोरली बहीण. पपा तिला आक्का म्हणत. नवरा गेल्यावर ती आमच्याकडे आली ती एक ट्रंक आणि एक मोठं बायबल घेऊन. त्यामुळे घरात बायबलं दोन झाली. एक आमचं रोजचं, मागचा पुठ्ठा गेलेलं, हळदीचे डाग पडलेलं, कुणीही कुठेही टाकावं असं. दुसरं आत्याचं, काळ्या चामड्यात बांधलेलं, मोठ्या टायपाचं. ते ठेवायला पपांनी सागवानी घोडी करून दिली, आईने वर घालायला क्रोशाचा रुमाल विणला. हात धुतल्याशिवाय त्याला शिवायचं नाही. त्याच्या खोलीत मासे साफ करायचे नाहीत. त्याच्याकडे पाय करून झोपायचं नाही. ते कुणी वाचत नसे. वाचायला हळदीचं होतं.

कौल तिथे कसा शिरला ते सांगायला हवं. गल्लीच्या टोकाच्या देवळात कौल लागायचा. गुरव मूर्तीला ओल्या पाकळ्या लावतो, गाऱ्हाणं घालतो, प्रश्न विचारतो, आणि उजवी पाकळी आधी पडली की होकार, डावी पडली की नकार. आत्या आधी यावर हसायची. "दगडाला विचारतात, शेळी घेऊ का. दगडाला काय माहीत शेळी दूध किती देते?" मग एकदा आमची पाटी भरून कोंबडीची पिल्लं आजारी पडली, पाळकसाहेब कोल्हापूरहून महिन्यातून एकदाच यायचे, विचारायचं कुणाला? आत्याने हात धुतले, डोळे मिटले, बायबल मधूनच उघडलं आणि बोट ठेवलं. बोट उजव्या पानावर पडलं. "होय म्हणतोय देव. जगतील." जगली. त्यातली चार.

तेव्हापासून सुरू झालं. उजवं पान म्हणजे होय, डावं म्हणजे नाही, आणि बोटाखालचं वचन हे कारण. आत्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता, म्हणून वचन वाचायचं काम माझ्याकडे. मी सात वर्षांची असल्यापासून वाचत आले. मिक्सर घ्यावा का, पत्रे बदलावेत का, आईच्या भावाच्या लग्नाला जावं का. एका वर्षी जास्तीचं लाकूड भरावं की नाही, असा प्रश्न पपांनीच घातला. उजवं पान आलं. पपांनी लाकूड भरलं आणि त्या वर्षी आंबा असा धरला की लोक पेट्यांसाठी आमच्या शेडबाहेर उभे राहिले. पपा साधे माणूस. एकदा एखाद्या हत्याराने काम दिलं की ते हत्यार ते सोडत नसत.

मग समोरच्या सुमनकाकी यायला लागल्या. देवळातला कौल मिळायला रांग असे, आमच्याकडे रांग नव्हती. "आत्याबाय, माझ्या सुनेला बघा गो काय सांगतंय तुमचं पुस्तक." आत्या नाही म्हणायची, मग बघायची. एका शुक्रवारी क्रोशाच्या रुमालावर मला लाल जास्वंद दिसली. पुढच्या आठवड्यात जास्वंद आणि सुपारी. सुमनकाकींची यात काही चूक नव्हती. जिथे कौल मिळतो तिथे फूल ठेवायचं हे त्यांना लहानपणापासून माहीत होतं, आणि त्यांच्या देवळात त्याला निदान रीत होती, गुरव होता, कधी विचारायचं आणि कधी नाही याचे नियम होते. आमच्याकडे नुसता हट्ट होता. आत्याने ते फूल काढलं नाही. दुपारी पाहिलं तर नव्हतं. कुणी उचललं ते मी विचारलं नाही.

मी बारावी झाले आणि घाटावरच्या एका नर्सिंग शाळेचं पत्र आलं. जागा मिळाली होती. संमतीचा फॉर्म पालकांच्या सहीने दहा दिवसांत पोहोचायला हवा होता. मला नर्सच व्हायचं होतं असं काही नव्हतं. मला त्या तीन खोल्यांतून बाहेर पडायचं होतं. माझे पाय सारखे हलत असत. जेवताना हलत, चर्चमध्ये हलत, आई म्हणायची, एस्तू, तुझ्या पायाने बाक हलतोय, पुढचे लोक प्रार्थना करतायत. पत्र आलं त्या दिवशी मी ते तीनदा वाचलं आणि शेडमध्ये पपांसमोर धरलं. पपांनी तोंडातले खिळे हातात घेतले, पत्र वाचलं, खिळे परत तोंडात ठेवले. "रविवारी आक्काकडे कौल घेऊ."

रविवारी चर्चहून आल्यावर सगळे त्या खोलीत. आत्याने हात धुतले. पपांनी प्रश्न घातला, स्पष्ट शब्दांत, देवासमोर सुताराने माप सांगावं तसा. एस्तेरने घाटावर शिकायला जावं की नाही. आत्याने डोळे मिटले, पुस्तक उघडलं, बोट ठेवलं. डावं पान.

"वाच."

मी वाकून बघितलं. जुन्या करारातलं ‘अनुवाद’ नावाचं पुस्तक. तिथे लिहिलं होतं की सावध राहा, मन भुलू देऊ नका, देवापासून वळून परक्या देवांपुढे वाकू नका, नाहीतर तो आभाळ बंद करील, पाऊस पडणार नाही, जमीन पीक देणार नाही. माझ्या मनात आलं की दुसरंच काहीतरी वाचावं. आत्याला दिसत नव्हतं, पपा लांब उभे होते. वचनं मला भरपूर पाठ होती, जा, मी तुझ्यासोबत आहे, अशा अर्थाचं एखादं घातलं असतं तर डाव्या पानाचाही अर्थ फिरला असता. पण मी जे होतं तेच वाचलं. प्रामाणिक होते म्हणून नाही. पुस्तकाची भीती वाटली म्हणून.

"बघ," आत्या म्हणाली. "घाटावर जाईल, तिथे चार तऱ्हेची माणसं. मन भुलेल. कुणाशी लग्न लावील, कुठल्या देवापुढे हात जोडील. देवाने स्वच्छ सांगितलंय."

"वन्सं, लग्नाचं काही नव्हतं त्यात," आई म्हणाली.

"परके देव म्हटलंय ना?"

"देव म्हटलंय. जावई नाही म्हटलं."

"पुरे," पपा म्हणाले, आणि माझ्याकडे न बघता शेडमध्ये गेले. थोड्या वेळाने ठोकण्याचा आवाज यायला लागला. रविवारी ते कधी ठोकत नसत.

पुढचे चार दिवस मी काय केलं ते मला नीट आठवतंय, कारण मी एक क्षण बसले नाही. विहिरीवरून पाण्याच्या एवढ्या फेऱ्या घातल्या की पिंप भरून वाहिलं. माळ्यावरची भांडी काढून घासली. चिऱ्याच्या भिंतीवरचं शेवाळ खरवडलं. सुमनकाकी कुंपणावरून म्हणाल्या, "काय गो, घर विकताय की काय?" रात्री डोळे मिटले की आभाळ बंद होतं म्हणजे काय होतं याचाच विचार. मला खरंच भीती वाटत होती, हे आज कबूल करायला हरकत नाही. पाऊस माझ्यामुळे नाही पडला तर? आणि भीतीच्या शेजारीच, अगदी चिकटून, राग.

गुरुवारी दुपारी आत्या सुमनकाकींकडे गेली होती, पपा लाकूड आणायला गेले होते. मी हात धुतले. दार ओढून घेतलं. पुस्तकासमोर गुडघे टेकले, डोळे मिटले, प्रश्न घातला, उघडलं. डावं पान. मला वाटलं, नीट मिटले नव्हते डोळे. परत. डावं. मग मी म्हटलं, शुभवर्तमानांच्या बाजूने उघडून बघावं, म्हणजे मागच्या बाजूने. डावं. एकदा बोट दोन पानांच्या मधोमध पडलं, ते मी धरलं नाही. मी मोजत होते. सात झाले, आठ झाले. जास्वंद त्या दिवशीही रुमालावर होती, ती मी बाजूला ठेवली होती, आणि कुठल्याशा वेळेला, का ते आजही सांगता येणार नाही, मी ती उचलून परत पुस्तकाच्या माथ्याशी नीट ठेवली. नवव्या वेळेला बोट उजव्या पानावर पडलं. मी मोठ्याने हसले. खाली काय लिहिलंय ते बघितलंसुद्धा नाही.

"आलं का तुला पाहिजे ते?"

आई दारात उभी होती. हातात सूप. दार मी ओढलं होतं, कडी घातली नव्हती.

"किती वेळा विचारलंस?"

"नऊ."

"आणि आधीच्या आठ वेळा कोण बोलत होतं?"

आई सूप घेऊन पडवीत गेली आणि तांदूळ पाखडायला लागली. ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. मी गुडघ्यांवर तशीच होते. समोर पुस्तक, त्याच्या माथ्याशी माझ्या हाताने ठेवलेली जास्वंद, रुमाल, सागवानी घोडी. चार दिवस मी परक्या देवांची भीती बाळगून विहिरीच्या फेऱ्या घालत होते आणि आता मी कशासमोर बसले होते ते मला स्वच्छ दिसलं. पायांना मुंग्या आल्या होत्या. उठताना मी घोडीला धरलं आणि ती हलली.

आज मला हॉस्पिटलात तीस वर्षं झाली. रात्रपाळीला, दिवसपाळीला, नातेवाईक माझा हात धरून विचारतात, सिस्टर, बरं होईल ना? त्यांना माहिती नको असते, त्यांना उजवं पान हवं असतं. मी त्यांना डॉक्टरांनी काय सांगितलं, औषध कुठलं चालू आहे, उद्या काय बघायचं ते सांगते. काहीजणी माझ्यावर चिडतात. त्यांचा चेहरा बघून मला त्या गुरुवारची मीच आठवते, म्हणून मी उलट चिडत नाही.

त्या दुपारी मी मोठं बायबल मिटलं आणि हळदीचं घेतलं. पडवीच्या पायरीवर बसून अनुवादाचं ते पान काढलं आणि प्रथमच त्याच्या मागचं वाचलं, मग पुढचं. आई पाखडत होती, मी वाचत होते. पंधरा पानं मागे गेले. मग उठले आणि पपा लाकडाचा टेम्पो रिकामा करून शेडमध्ये आले होते तिथे गेले.

"पपा, मी आज कौल घेतला. नऊदा. शेवटी उजवा आला."

पपांनी हातोडी खाली ठेवली. "नऊदा?"

"आठ डावे, एक उजवा. मला पाहिजे तो येईपर्यंत घेतला."

"हे असं करतात होय देवाशी?"

"देवाला कुठे विचारलं मी? पुस्तकाला विचारलं. फूल ठेवून."

त्यांचा चेहरा लाल झाला. मला वाटलं आता हात उचलतील, पण पपांनी कधी हात उचलला नव्हता आणि तेव्हाही उचलला नाही. मी घाईघाईने बोलत राहिले, कारण थांबले असते तर परत सुरू करता आलं नसतं. "पपा, रविवारी मी जे वाचलं ते अर्धंच होतं. त्याच्या आधी लिहिलंय की पाऊस वेळेवर पडेल, धान्य होईल, गुरांना चारा होईल, तुम्ही पोटभर खाल. आणि त्याच्यानंतर सावध राहा म्हटलंय. उपाशी असताना नाही, पोट भरल्यावर. आणि ज्यांना हे सांगितलंय ती माणसं घरात बसलेली नाहीत. नदीच्या अलीकडे सामान बांधून उभी आहेत. पलीकडे जायला निघालेत. त्यांना जाऊ नका असं कुठेच म्हटलेलं नाही. मी पंधरा पानं बघितली."

"वाच."

मी वाचलं. भुशात उभी राहून, एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत, सगळा अध्याय. पपांनी मान खाली घातली होती, चर्चमध्ये घालत तशी. वाचून झालं. त्यांनी एक फळी उचलली, तिच्या कडेवरून अंगठा फिरवला, ठेवली.

"ती फुलं," ते म्हणाले, "मीच उचलायचो. दिसतील तेव्हा. आक्काला वाईट वाटेल म्हणून कुणाला बोललो नाही." आणि मग, "खरं म्हणजे मलाच बघायची नव्हती. लाकडाच्या वर्षी कौल मीच मागितला होता."

संध्याकाळी जेवणं झाल्यावर पपांनी मोठं बायबल घोडीवरून उचलून जेवणाच्या चटईवर आणलं. आत्या दचकून उठली. "अरे, हात धू! मासे खाल्लेस!"

"राहू दे आक्का. आजपासून रोजचं वाचन यातूनच करायचं. प्रत्येकाने एक अध्याय. कौल बंद."

"तेलकट होईल."

"होऊ दे."

आत्या भिंतीला टेकून बसली. मग ती म्हणाली, पपांना नाही, कुणालाच नाही, "या घरात मला विचारतं कोण? पुस्तकाला विचारायला येतात म्हणून माझ्याशी बोलतात. आता तेही गेलं."

मला तेव्हा तिची दया आली नाही. अठराव्या वर्षी येत नाही. फक्त एवढं कळलं की ती खोटं बोलत नव्हती, आणि यातला माझा वाटाही होताच, कारण त्या खोलीत मी फक्त वचन वाचायला जात असे. आईने ताटं गोळा करता करता विचारलं, "वन्सं, उद्याच्या तिखलात तिरफळं किती घालू?"

आत्याने नाक ओढलं. "चार."

"मी तीन घालते नेहमी."

"म्हणूनच बांगड्याला वास राहतो."

"बरं. चार घालते."

मग पपांनी माझा फॉर्म मागितला. कानामागची पेन्सिल काढली, परत ठेवली, खिशातलं पेन शोधून सही केली. मला वाटलं, झालं. पण त्यांनी कागद माझ्या हातात दिला तो पकडूनच ठेवला. "मी जा म्हणत नाही. नको पण म्हणत नाही. मला भीती वाटते, ते मी आता देवाच्या नावावर घालणार नाही. सही केलीय. पाठवायचं की फाडायचं, तू ठरव."

हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. होय मिळालं असतं तर मी नाचले असते, नाही मिळालं असतं तर भांडले असते. कुणीच काही सांगणार नाही म्हटल्यावर माझे पाय हलायचे थांबले. घाटावर मला ओळखणारं कुणी नव्हतं. रक्त बघून मला चक्कर येते की नाही, हेसुद्धा मला माहीत नव्हतं. मोठं बायबल चटईवर उघडं पडलं होतं आणि माझा हात दोनदा त्याच्याकडे गेला. दोनदा मी तो मागे घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंघोळ केली, दोन घावणे उभ्यानेच खाल्ले आणि फॉर्म पाकिटात घालून चालत मोठ्या पोस्टात गेले. गल्लीतली पेटी जवळ होती, पण ती कधी उघडतात याचा भरवसा नव्हता. पाकीट चिकटवलं, पत्ता पुन्हा वाचला, टाकलं. आत पडल्याचा आवाज आला आणि त्याच क्षणी मला ते परत हवं झालं. मी पेटीच्या तोंडात हात घातला. बोटं गेली, मनगट अडकलं. आतल्या पत्र्याचा थंडपणा बोटांना लागत होता, कागद लागत नव्हता. मागे पत्र टाकायला उभ्या असलेल्या कोळणीने टोपली खाली ठेवून विचारलं, "काय गो बाय, चुकून पडलं काय?"

"नाही," मी हात बाहेर काढला. मनगटावर लाल वळ उठला होता. "चुकून नाही पडलं. मी टाकलंय."